कात्रीकाकूंचं साडेपाचचं माप

कात्रीकाकूंना राग यायला कारण लागत नाही, असं त्यांचे दीर सगळीकडे सांगत फिरतात. हे साफ खोटं आहे. कारण लागतं. ते फार मोठं असावं लागत नाही, एवढंच. पँटची उंची कमी करायला आलेला माणूस "थोडीशीच" म्हणाला की तेवढं पुरतं. थोडीशी म्हणजे किती, असं काकू विचारतात. तो अंगठा आणि बोटाच्या मध्ये हवेत एक फट दाखवतो. काकू गळ्यातली टेप काढून ती फट मोजतात आणि सांगतात, ही साडेतीन सेंटिमीटर झाली, एवढी कापली तर बसल्यावर तुमचे मोजे सगळ्या जगाला दिसतील, चालेल का? माणूस म्हणतो, तुम्हीच बघा काकू. मग आधीच का नाही तसं म्हणालात, यावर आणखी पाच मिनिटं जातात.

तोंडावर काकू आणि पाठीमागे कात्री. पुढे कोणीतरी दोन्ही जोडून टाकलं आणि ते चिकटलं. जिन्याखालच्या खोलीत त्यांचं कपडे दुरुस्त करायचं दुकान आहे. शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल, भिंतीवर हँगरांची रांग आणि रागावलेल्या काकू एवढं आत मावतं. गिऱ्हाईकाने अर्धं बाहेर उभं राहायचं. माप घेताना काकूंच्या ओठांत टाचण्या असतात. ओठ हलवता येत नाहीत, त्यामुळे "पोट बाहेर सोडा" हे "होट हाहेर होडा" असं ऐकू येतं. गिऱ्हाईकाला बरोबर कळतं. पोट मात्र तो सोडत नाही.

काकूंचा माणसांवरचा सगळा अविश्वास या एका गोष्टीतून आला आहे. कंबरेला टेप लागली की जो तो पोट आत घेतो. शिक्षक घेतो, पहारेकरी घेतो, नवरी घेते, डॉक्टर तर सगळ्यात जास्त घेतो. तीस वर्षं हे बघून बघून काकू टेपवरचा आकडा खरा मानतच नाहीत. टेप एक सांगते आणि काकू वहीत दुसरं लिहितात. मधली ती वाढ म्हणजे माया, शिलाईच्या आत दडवून ठेवायचं जास्तीचं कापड. सैल झालं तर आत घेता येतं, कमी पडलं तर कुठून आणायचं? आता तर हाताला अशी सवय लागली आहे की माप वाचायचं डोळ्यांनी आणि माया धरायची बोटांनी, मधे डोक्याला कोणी विचारतसुद्धा नाही.

गिटार त्यांनी चव्वेचाळिसाव्या वर्षी घेतली. पुठ्ठ्याच्या खोक्यात सगळं एकदम येतं ना, तशी: गिटार, पट्टा, वायर आणि आवाज मोठा करायचा डब्याएवढा अँप. खोक्यावर केस डोळ्यांवर आलेला एक पोरगा गिटार घेऊन हवेत उडालेला. त्या पोराशी काकूंचं आठ वर्षं वाकडं आहे, कारण उडी मारताना वाजवता येत नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी करून पाहिलं. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा दुकानाचं दार लोटून त्या शिकल्या. बोटांना सुईचे घट्टे होतेच, त्यामुळे तारांनी काही नवीन दुखवलं नाही. पाच वर्षांत त्या इतकं बरं वाजवायला लागल्या, की दिरांनी आपल्या तिघांच्या वाद्यवृंदात त्यांना चौथं म्हणून घेतलं. दीर कीबोर्डवर, पोस्टमन ड्रमवर, ग्रंथपालबाई बेस गिटारवर आणि वहिनी घरच्याच.

या चौघांकडे स्वतःची म्हणावी अशी एकच धून आहे आणि ती काकूंची आहे. मशीनच्या ठेक्यावर बांधलेली. आधी सरळ टीप मारल्यासारखी पळते, मग कोपऱ्याशी थांबते, वळते, आणि शेवटी एक लांब सूर येतो. तो सूर गिटारीच्या तारांपाशी बसवलेल्या बारीक दांड्याने हळूच खाली बसवायचा आणि तसाच हळूच वर आणून होता तिथे उभा करायचा. दांडा दाबला की तारा सैल होतात आणि सूर उतरतो. सोडला की मागच्या स्प्रिंगा तारा ओढून घेतात आणि सूर जागेवर येतो. यावा, अशी अपेक्षा असते.

काकूंच्या गिटारीत तो जागेवर येत नव्हता. वर्षभर हे चाललं होतं, पण थोडं थोडं. त्या रविवारच्या सरावात हॉलमध्ये रंगारीसुद्धा ब्रश थांबवून ऐकायला उभे होते. कॉलनीचा हॉल रंगवून पुन्हा उघडायचा होता आणि त्याच कार्यक्रमात ही धून वाजायची होती. काकूंनी शेवटचा सूर खाली बसवला, वर आणला, आणि तो असा काही उभा राहिला की जणू एका पायात चप्पल आहे आणि दुसऱ्यात नाही. एक रंगारी हसला. पोस्टमनने मान खाली घातली.

दीर बोलायला लागले की आधी "म्हणजे कसंय" म्हणतात, मग श्रोत्यांना तयारीला वेळ देतात, मग पुन्हा "म्हणजे कसंय" म्हणतात. तसं दोनदा म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर असं सुचवलं, की वहिनींनी आता मागे बसून साथ करावी. धून ते कीबोर्डवर घेतील. कीबोर्डला सूर वरखाली करायचं चाक असतं, फिरवलं की खाली, सोडलं की जिथल्या तिथे. कटकट नाही. दांडा काय, शोभेला असू द्यावा.

काकू म्हणाल्या, "माझी धून आहे."

दीर म्हणाले, म्हणजे कसंय वहिनी, धून आपली सगळ्यांचीच. पुढच्या रविवारपर्यंत गिटार सुधारली तर बघू. त्याच्या पुढच्या रविवारी कार्यक्रम होता.

धून आपली सगळ्यांची हे वाक्य काकूंनी घरापर्यंत चावत नेलं. रस्ताभर त्या हातातल्या गिटारीच्या पिशवीला ऐकवत होत्या की सगळ्यांची होती तर सगळ्यांनी बांधायची होती, मशीनवर बसून, उन्हाळ्यात, बिनपंख्याच्या खोलीत.

सोमवारी त्या वाद्यांच्या दुकानात उभ्या. दुकानदार बोलताना डोळे मिटतो, आणि "तसं बघायला गेलं तर" अशी सुरुवात करतो, म्हणजे बघायचं काम समोरच्याने करायचं. त्याने गिटार उलटी केली, मागचं प्लास्टिकचं झाकण काढलं आणि काकूंना आजार दाखवला. तारा जिथे येऊन बसतात त्या धातूच्या पट्टीला ब्रिज म्हणतात. ती सहा स्क्रूंवर टेकलेली असते आणि दांडा दाबला की त्यांच्यावर डुलते. पट्टीखाली एक ठोकळा, ठोकळ्याला स्प्रिंगा. काकूंच्या ब्रिजची पट्टी पत्र्यासारखी पातळ, आणि जिथे ती स्क्रूंना टेकते तिथली धार झिजून गेलेली. प्रत्येक वेळी ती परत येऊन नव्याच ठिकाणी बसत होती. सूर कुठून जागेवर येणार?

डोळे मिटून दुकानदार म्हणाला की तसं बघायला गेलं तर, ही शिकायची गिटार आहे. शिकून झालं की टाकायची आणि चांगली घ्यायची. हिला भारी ब्रिज लावणं म्हणजे झिजलेल्या चपलेला नवा अंगठा.

काकूंनी विचारलं, शिकून माझं झालंय, मग टाकायचं कोणाला, हिला की मला? दुकानदाराने डोळे उघडले. नवा ब्रिज मागवू, म्हणाला. पोलादी ठोकळ्याचा, जाड पट्टीचा, चार दिवसांत येईल. मापं दोन असतात. पहिल्या स्क्रूपासून सहाव्यापर्यंतचं अंतर एकात सव्वापाच सेंटिमीटर, दुसऱ्यात पाच सेंटिमीटर सहा मिलिमीटर. एवढं बोलून तो खणात पट्टी शोधायला लागला, तोवर काकूंनी टेप लावलीसुद्धा होती. तो म्हणाला, एकदा पट्टीने बघू का मी?

"तीस वर्षं मी मापं घेतेय," काकू म्हणाल्या. "पट्टी ठेवा खणात."

त्याने ठेवली. काकूंनी गल्ल्यावरचा कागद ओढला, स्वतःच्या निळ्या पेन्सिलीने आकडा लिहिला, खाली रेघ मारली आणि कागद त्याच्याकडे सरकवला. साडेपाच. दुकानदार कागदाकडे बघत राहिला. साडेपाच असं माप नसतं, पण साडेपाचच्या जवळचं मोठंच, म्हणून त्याने पाच-सहाचा मागवू का, असं विचारलं. एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारायची त्याची छाती झाली नाही. मागवा म्हटलं ना, असं म्हणून काकू बाहेर पडल्यासुद्धा.

शुक्रवारी दुपारी ब्रिज आला. काकूंनी दाराला "आत्ता येते" ची पाटी लावली, आतून कडी घातली, इस्त्रीच्या टेबलावर पांघरूण पसरलं आणि गिटार त्यावर पेशंटसारखी निजवली. तारा काढल्या. स्प्रिंगा सोडवल्या. जुना ब्रिज उचलला, तेव्हा तो हातात इतका हलका लागला की त्यांना नव्याने राग आला. एवढ्याशा पत्र्यासाठी आपण वर्षभर लोकांची तोंडं बघितली. नवा ब्रिज जड, गार, कडा स्वच्छ. पहिला स्क्रू पहिल्या भोकात छान गेला. मग काकू सहाव्याकडे वळल्या, तर तिथे पट्टीचं भोक एकीकडे आणि लाकडाचं दुसरीकडे. मधे करंगळीच्या नखाच्या निम्मं अंतर.

आता इथे दुसरं कोणी असतं तर थांबलं असतं. काकूंनी तो स्क्रू तिरका लावला आणि स्क्रूड्रायव्हरवर अंग टाकलं. हाताला सवय कापडाची, ते दाबलं की थोडं येतं. लाकडातून टक्क असा आवाज आला आणि गिटारीच्या गुळगुळीत लाल रंगाला भोकापासून कडेपर्यंत केसासारखा तडा गेला. नव्या ब्रिजच्या पट्टीवर स्क्रूड्रायव्हर घसरला आणि लांब ओरखडा उमटला.

काकूंनी फोन उचलला. दुकानदाराला त्यांनी जे सांगितलं ते तीन मिनिटं चाललं आणि त्यात श्वास घ्यायला फक्त एक जागा होती. त्या जागेत तो "तसं बघायला गेलं तर" एवढं म्हणू शकला. चुकीचा ब्रिज दिलात, माझी गिटार फोडलीत, माप वाचता येत नसेल तर दुकान बंद करा, आणि फोन खाली.

पाटीला न जुमानता कोणीतरी दार वाजवत होतं. दीर. कार्यक्रमासाठी नवा कोट घेतला होता, बाह्या लांब होत होत्या. काकूंनी त्यांना उभं केलं, हात पसरायला लावले आणि टाचण्या तोंडात धरल्या धरल्या दुकानदाराने कसं फसवलं ते सांगितलं. ओठ बंद असूनही त्यातला प्रत्येक शब्द कळत होता. डावी बाही टाचून झाली तोवर दिरांचा चेहरा लाल. म्हणजे कसंय, ते म्हणाले, आपल्या घरच्या माणसाला? आपल्या? वहिनींना स्वतः ते वाट्टेल ते बोलत, पण बाहेरच्याने त्यांना चुकीचा माल द्यायचा म्हणजे काय! काकू म्हणाल्या, राहू द्या भाऊजी, माझं मी बघते, ती दुसरी बाही तरी. दीर गेले. एक बाही मनगटाशी टाचलेली, दुसरी बोटांवरून लोंबणारी, तसेच स्कूटरवर बसून गेले.

एकट्या राहिल्यावर काकूंनी टेप घेतली. भांडण मोठं झालं तर आकडा हाताशी असावा, म्हणून. पहिल्या भोकाच्या मध्यापासून सहाव्याच्या मध्यापर्यंत. सव्वापाच. त्यांनी टेप काढली, पुन्हा लावली. सव्वापाच. टेप झटकली, डोळे पुसले, खिडकीच्या उजेडात नेली.

मग त्यांना आठवलं की कागदावर आपण साडेपाच लिहिलं. डोळ्यांनी सव्वापाच वाचलं होतं, हे त्यांना अगदी स्वच्छ आठवलं. आणि हाताने माया धरली. गिटारीने पोट आत घेतलं नव्हतं. तीस वर्षांत ज्यांची ज्यांची मापं त्यांनी घेतली, त्यांतली ही पहिलीच होती जी जशी आहे तशी उभी राहिली होती, आणि काकूंनी तिच्यावरही विश्वास ठेवला नाही.

काकू स्टुलावर बसल्या. दिरांना फोन लावला. वाजत राहिला, स्कूटरवर असणार. पुन्हा लावला. तिसऱ्यांदाही वाजतच राहिला, आणि त्या वाजण्याचाही त्यांना राग आला.

दीर त्या संध्याकाळी आले नाहीत. शनिवारीही नाहीत. कोटाबद्दल विचारायलासुद्धा नाहीत, आणि ज्या माणसाला दिवसातून दोनदा तरी कोणाला तरी काहीतरी समजावून सांगितल्याशिवाय अन्न पचत नाही, तो गप्प आहे म्हणजे काय, हे काकूंना बरोबर कळत होतं.

शनिवारी सकाळी त्या दुकानदाराकडे गेल्या आणि माफी मागितली. ती माफी अशी होती, की शेजारच्या भांड्यांच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन उभा राहिला, मधे पडावं लागेल की काय म्हणून. चूक माझी होती, काकू म्हणाल्या, आणि तुम्हाला कळलं होतं, आणि तरी तुम्ही पट्टी खणात ठेवलीत, ही तुमची. दुकानदाराने डोळे मिटून दोन्ही मान्य केलं. मग त्याने सांगितलं, की काकूंनी आकडा लिहिलेली ती चिठ्ठी आता त्याच्याकडे नाही. दीर काल आले, ओरडले, त्याने चिठ्ठी दाखवली, तर ओरडणं तिथेच थांबलं. चिठ्ठीची व्यवस्थित घडी करून त्यांनी पाकिटात घातली. जाताना फार खुशीत दिसले.

ओरखडा पडलेला ब्रिज परत घेता येत नव्हता आणि सव्वापाचवाला यायला पुन्हा चार दिवस. सराव उद्या. एकच मार्ग होता. जुनी सहा भोकं टणक लाकडाने बुजवायची, गोंद सुकू द्यायचा, आणि नव्या ब्रिजच्या मापाने सहा नवी भोकं पाडायची. दुकानदार स्वतः करून द्यायला तयार होता, पण त्याच्याकडे आधीच्या चार गिटारी उलट्या पडल्या होत्या. त्याला कार्यक्रमानंतरचा आठवडा उजाडला असता. आणि तसं बघायला गेलं तर, तो दार उघडून धरत म्हणाला, नवी भोकं केसभर जरी एका बाजूला गेली, तर तारा गिटारीच्या मानेवरून, बोटं ठेवायच्या त्या लांब भागावरून, घसरतील. मग मात्र खरंच टाकायची.

काकूंनी आपल्या दुकानात येऊन लाकडी हँगर उचलला, पायाखाली धरून मोडला आणि त्याचा आडवा गोल दांडा वेगळा केला. बीच झाडाचं लाकूड, दगडासारखं टणक. त्यातून चाकूने सहा खुंट्या तासल्या, गोंदात बुडवून भोकांत ठोकल्या, वरचं टोक ब्लेडने सपाट केलं. ठोकताना त्या प्रत्येक खुंटीला काहीतरी म्हणत होत्या. पहिल्या दोन दिरांच्या, एक दुकानदाराची, बाकी स्वतःच्या.

गोंद सुकेपर्यंत त्यांनी कागद घेतला. कपड्याचा कागदी साचा करतात तसा ब्रिजचा केला: पट्टी कागदावर दाबून सहा भोकांच्या मध्यावर सुईने टोचलं. मग गिटारीच्या मानेच्या वरच्या टोकापासून दोन पांढरे दोरे खालपर्यंत ताणले, पहिली आणि सहावी तार जिथून जाईल तिथून. दोरे दोन्ही कडांपासून सारखे आत येईपर्यंत काकूंनी साचा सरकवला. टेलरचा खडू उचलला आणि परत ठेवला. खडूची रेघ जाड असते. रेघेच्या जाडीतच माया बसते. त्यांनी सुईच घेतली आणि लाकडावर सहा टिंबं टोचली, डोळ्याला जेमतेम दिसतील एवढी. मग टेप लावून मोजलं आणि जे दिसलं तेच मोठ्याने म्हटलं, कारण लिहिण्यावर त्यांचा भरवसा उरला नव्हता.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. घरात तो बहुतेक "हं" वर भागवतो. त्याच्या "हं" चे पाच-सहा प्रकार आहेत आणि काकूंना सगळे येतात. दुपारी तो ड्रिल घेऊन आला तेव्हा काकूंनी गिटार त्याच्यापुढे सरकवली. त्याने टिंबांकडे बघितलं, दोऱ्यांकडे बघितलं, आणि ड्रिल काकूंच्या हातात दिलं. काकू म्हणाल्या, अहो, माझा हात कापतोय.

"आमच्यात खूण ज्याने केली तोच भोक पाडतो," तो म्हणाला. "दुसऱ्याने पाडलं तर चूक कोणाची ते कळत नाही."

एवढं संताप आणायला पुरेसं होतं, आणि तो आल्यावर हात स्थिर झाला. आधी बारीक टोक, मग जाड. टोकाला काकूंनी खोलीची खूण म्हणून लाल दोरा बांधला होता, दोरा लाकडाला टेकला की थांबायचं. चौथ्या भोकात हँगरचं लाकूड आणि गिटारीचं लाकूड अर्धंअर्धं आलं, टोक मऊ बाजूला ओढलं जायला लागलं. नवऱ्याने "हं" केलं. काकूंनी ड्रिल बाहेर काढलं, कपाळ पुसलं, आणि त्याच्याकडे न बघता पुन्हा सरळ धरून आत घातलं.

दोऱ्याला लावायचं मेण होतंच, ते स्क्रूंना लावलं. सहाच्या सहा आत गेले, एकही तिरका नाही. पूर्ण आवळले नाहीत. पट्टीला डुलायला केसभर जागा हवी, ती ठेवली. नवा ठोकळा मागून किंचित वर येत होता, झाकण बसेना. काकूंनी झाकण कचऱ्यात टाकलं. तारा चढवल्या, बोटांनी एकेक ओढून ताणून घेतली, सुरात लावली, पुन्हा ओढली. दांडा दाबायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी गिटार पिशवीत घातली. खोलीत नवरा होता, आणि गेलाच सूर तर तो "हं" ऐकायची त्यांची तयारी नव्हती. रविवारी सकाळी तो कामावर गेल्यावर बघू म्हणाल्या, आणि रविवारी सकाळी एकाच घरच्या तीन बायका लग्नाचे कपडे घेऊन आल्या. तिघींनी पोटं आत घेतली. काकू सरावाला पोचल्या तेव्हा गिटार जशी पिशवीत गेली होती तशीच होती.

हॉलमध्ये दीर आधीच उभे होते. टाचलेली बाही त्यांनी स्वतःच कशीतरी सोडवली होती. पोस्टमन आणि ग्रंथपालबाई खुर्च्यांवर, आणि चेहऱ्यांवरून कळत होतं की त्यांना सांगून झालंय.

म्हणजे कसंय, दीर म्हणाले, आणि पाकीट काढलं. चिठ्ठी उलगडली, हाताच्या अंतरावर धरली आणि बातम्या द्याव्यात तसा निळ्या पेन्सिलीचा आकडा वाचून दाखवला. खालची रेघसुद्धा वाचली: "अधोरेखित." त्या बिचाऱ्या दुकानदाराशी मी भांडलो, म्हणाले. एका बाहीच्या कोटात. आणि अक्षर कोणाचं, तर आपल्या वहिनींचं. म्हणून माझं म्हणणं असं, की धून कीबोर्डवर.

ग्रंथपालबाई म्हणाल्या, अहो पुरे आता. पोस्टमन काड्यांकडे बघत होता.

"माझंच अक्षर," काकू म्हणाल्या. "माझंच माप. सव्वापाच दिसलं आणि साडेपाच लिहिलं मी. आता कीबोर्डवर शेवटचा सूर धरून ठेवा."

दीर म्हणाले, कशाला?

"धरा म्हणते ना."

वायर लावली. दिरांनी एका बोटाने तो सूर दाबून धरला, सरळ, न हलणारा. काकूंनी तीच तार छेडली; दोन्ही आवाज एकात एक बसले. मग त्यांनी दांडा दाबला. हळूच वगैरे नाही. आठवडाभराचा जेवढा होता तेवढा राग घालून तारा पोटात लोंबेपर्यंत खाली नेला, गिटारीने गाडी बंद पडताना करावा तसा आवाज केला, पोस्टमन दचकला, आणि काकूंनी दांडा सोडून दिला.

सूर वर आला. आला आणि कीबोर्डच्या सुराला जाऊन मिळाला, मधे फट नाही, थरथर नाही. दिरांचं बोट तसंच दाबलेलं. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं. दोघांपैकी कुठला आवाज कोणाचा ते शोधत असावेत.

पुन्हा, ते म्हणाले.

काकूंनी पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा दाबला. चौथ्यांदा कोणी सांगितलं नव्हतं, तरी दाबला, दिरांच्या डोळ्यांत बघत. चारही वेळा सूर तिथेच येऊन उभा राहिला.

दिरांनी बोट उचललं. चिठ्ठीची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. माफी त्यांनी मागितली नाही आणि काकूंनीही त्या सरावात त्यांच्याशी सरळ तोंडाने बोलायचं काही कारण ठेवलं नाही. गिटारीच्या लाल रंगातला तडा दिव्याखाली चांगलाच दिसत होता आणि तो आता जन्मभर दिसणार होता. ग्रंथपालबाईंनी बेसचा पट्टा खांद्यावर घेतला.

"वहिनी," दीर खुर्ची कीबोर्डजवळ ओढत म्हणाले, "मी कुठून येऊ?"

"कोपऱ्यापासून," काकू म्हणाल्या. "आणि माझ्या आवाजाच्या खाली राहा."